पन्नास दिवसांतला उपास

कोलबा,
गिनबोत महिन्याचा चौदावा दिवस

प्रिय लेकी वुबालेम,

देवमातेची सावली तुझ्यावर अखंड असो. माझे अक्षर पाहून तू आधी लिफाफा उलटून पाहशील, हे मी जाणतो. सहा वर्षांत मी तुला एक ओळही लिहिलेली नाही. तुझा फोन येतो तेव्हा तो तुझ्या आईच्या हाती असतो. मी दाराशी स्तोत्रांची पोथी उघडून बसतो आणि तुझे हसू कानी येईपर्यंत एकही चरण वाचत नाही. मग ती फोन ठेवते, आणि तू काय म्हणालीस हे मी विचारत नाही, ती सांगत नाही. तरी त्या दिवशी आम्ही दोघेही जरा लवकर भांडणे मिटवतो.

तू अदिस अबाबाला दुष्काळाची आगाऊ सूचना देणाऱ्या कचेरीत नोकरी धरलीस, तेव्हा मी तुला दावीद राजाची कथा ऐकवली होती. त्याने प्रजेची शिरगणती केली आणि देशावर मरी कोसळली. कोणाच्या घरी किती माणसे, कोणाच्या कणगीत किती जव, हे विचारत फिरणे मला देवाच्या हिशेबात हात घालण्यासारखे वाटे. तू म्हणालीस, "अब्बा, दावीदाने लढाईसाठी मोजलं. आम्ही पोटासाठी मोजतो." हट्टाने मी आशीर्वाद दिला नाही. बस वळणाआड गेली तरी मी हात वर केला नाही. त्या हाताचे ओझे मी अजून वागवतो आहे.

आता इकडचे ऐक. यंदा छोटा पाऊस आलाच नाही. डोंगरउतारावरचे जव घोट्याएवढे वाढले आणि तिथेच पिवळे पडले. खालच्या वस्तीतल्या हसनची सून झेयनेबा तुझ्याच कचेरीसाठी दर महिन्याला फोन घेऊन घरोघर जाते, काल किती वेळा जेवलात, काय विकलेत, असे प्रश्न विचारते आणि उत्तरे तुमच्याकडे धाडते. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासात तिने विचारले, तेव्हा प्रत्येक घराने सांगितले, "एकदाच जेवलो. उपास आहे ना!" तुमच्या कचेरीने कळवले की उपासाच्या दिवसांत ख्रिस्ती गावे एकदाच जेवतात, चिंतेचे कारण नाही. तुमच्या नकाशावर आमचा डोंगर हिरवाच राहिला. मी तुम्हाला दोष देत नाही. मी स्वतः त्या रविवारी प्रवचनात म्हणालो, की एवढा कडक उपास मी चाळीस वर्षांत पाहिला नाही, या गावातली लेकरेसुद्धा संतांसारखी वागत आहेत. लोक मान खाली घालून ऐकत होते. मी तो विनय समजलो.

सण झाला. ईस्टरला ज्या गल्लीतून कोंबडीच्या रश्श्याचा वास अंगणापर्यंत यावा, तिथून तो आला नाही. माझे नाक म्हातारे झाले असेल, असे मी मनाला सांगितले. मग तीन सोमवारांपूर्वी झेयनेबा माझ्या दारी आली. ओढणीने घाम पुसत म्हणाली, "अब्बा, एक विचारू? रागावू नका हं. आमचा रमजान तीस दिवसांत आटपतो. तुमच्या लोकांचा उपास संपतो तरी कधी? सण होऊन दोन आठवडे झाले, आणि मी अजून घरोघर 'उपास' 'उपास'च लिहितेय!"

वुबालेम, ईस्टरनंतरचे पन्नास दिवस आपल्यात उपास वर्ज्य असतो. बुधवार नाही, शुक्रवार नाही. प्रभू उठला असता शोक करणे हे पाप, असे मी तुला मांडीवर घेऊन शिकवले होते. हे झेयनेबाला कसे ठाऊक असणार? आणि जे मला पाठ होते, ते मी आपल्या गावात पाहू शकलो नाही.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये लोकांपुढे उभा राहिलो आणि जरा कठोरपणेच म्हणालो, की या दिवसांत जो उपास करील तो शास्त्र मोडील. विधवा एमामा अत्सेदे काठीवर रेलून बोलली, "बरं तर, अब्बा. तुम्ही पंगत मांडा, आम्ही लगेच उपास मोडतो." बायका हसल्या. ते हसणे ओसरले, तेव्हा मला सारे कळले. भीक मागण्यापेक्षा व्रताचे नाव घेणे या लोकांना सोपे वाटले होते, आणि ते नाव त्यांना मीच शिकवले होते.

त्यानंतर चार दिवस मी झेयनेबाबरोबर फिरलो. वाटेत ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही सोबत आहात म्हणून लोक खरं बोलतायत. नाहीतर एमामा मला काठीने हाकलते, म्हणते, आमची अब्रू फोनात भरून नेतेस का गं?" मी प्रत्येक उंबरठ्यावर सांगितले, की देवाने तुम्हाला या दिवसांत उपासातून मोकळे केले आहे, तेव्हा खरे सांगा. एकसष्ट घरे मोजली. होय, मी मोजली. बियाण्याचे जव एकोणीस घरांनी खाल्ले आहेत. नांगराचे बैल अकरा घरांनी विकले आहेत. तीन कुटुंबे सखलातल्या रस्त्याने निघून गेली. त्यांच्या बंद दारांना लावलेल्या काटेरी फांद्या मी हाताने चाचपून पाहिल्या.

सोबत चर्चच्या शिक्क्यासह माझी लेखी साक्ष जोडली आहे, की या पन्नास दिवसांत कोणत्याही घराचे 'उपास' हे उत्तर ग्राह्य धरू नये. झेयनेबा म्हणते, महिनाअखेरीस तुमची मदतीची यादी बंद होते आणि पुढची मोठ्या पावसानंतर निघते. तोवर पेरायला बियाणे नसेल आणि नांगरायला बैल नसेल. तुझ्या साहेबांना हा नियम कोणी समजावून सांगू शकत असेल, तर ती तूच. या कामात माझा आशीर्वाद तुझ्यासोबत आहे. सहा वर्षांपूर्वीच द्यायचा होता. उशिराचा तो पदरात घे.

एवढ्यासाठीच लिहिले असते, तर कागद झेयनेबाच्या फोनमधून पाठवता आला असता. गेल्या मंगळवारी जेवताना मी एक घास करून नेहमीसारखा तुझ्या आईच्या तोंडाशी नेला. तिने मान फिरवली आणि म्हणाली, "माझा उपास आहे." एकसष्ट घरे हिंडून आलेला मी हातात घास धरून तसाच बसलो. इंजेराची भाकरी रोज माझ्यापुढे पूर्ण येत होती, आणि तिच्या वाट्याची कुठून येते हे मी एकदाही विचारले नव्हते. काल ती झऱ्यावरून घागर घेऊन येताना वाटेत बसली, तिला बायकांनी उचलून घरी आणले. यादीत बासष्टावे घर आमचे आहे. माणसे दोन, जेवणारा एक. तुला कळवू नये म्हणून तिने मला शपथ घातली आहे, आणि आयुष्यात प्रथमच मी जाणूनबुजून शपथ मोडतो आहे. फोनवर ती हसून सांगेल की सारे ठीक आहे. तिचे ऐकू नकोस. शनिवारची बस धर आणि ये, लेकी. माझ्या हातून ती खात नाही. तुझ्या हातून खाईल.

वळणावर रोज उभा राहणारा
तुझाच
अब्बा