संगती, टीएच घालून

बाई, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलोय तो एका पासवर्डाच्या वैतागापायी. पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. बरोबर दिला की यंत्र आत घेतं, चुकला की दारातच उभं करतं. तुमच्या वर्गासारखंच म्हणा ना, फक्त यंत्र खडू फेकून मारत नाही. तुम्हाला सांगायचं कारण असं की शब्द संस्कृत होता, मी निवडला होता, आणि चुकला. कुणामुळे, ते सांगतो. पण मधेच 'मुद्द्यावर ये' म्हणू नका.

मी घरात कॉम्प्युटरवर खेळायची खोली केलीय. चौघांनी चार यंत्रांपुढे बसायचं आणि एकाच खेळात शिरायचं, अशी. या वयात हे काय, असं तुमचा चष्मा कपाळावर चढवून तुम्ही विचाराल. माझ्यासाठी नाही, मुलीसाठी. ती चोवीस वर्षांची आहे. मोठ्या कंपनीत नोकरीला होती, ती फेब्रुवारीत गेली. गेली म्हणजे एका सकाळी पत्र आलं आणि दुपारपर्यंत तिचं ओळखपत्र चालेनासं झालं. तेव्हापासून ती आपल्या खोलीत आहे. जेवायला येते, ताट घेऊन आत जाते. दाराआडून तिचं हसणं ऐकू येतं, कारण ती दिवसभर परक्या लोकांबरोबर खेळते. त्यांतला एक चिलीचा आहे. चिलीच्या माणसाला माझ्या मुलीचं हसणं मिळतं आणि मला ताट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'जबरदस्ती करू नका. माणसांत येईल असं काहीतरी बघा.' माणसांत आणायचं तर माणसं खेळात आहेत आणि खेळ यंत्रात आहे, तेव्हा यंत्रंच बाहेरच्या खोलीत आणू, तिच्या जुन्या मैत्रिणींना बोलावू, म्हणजे ती येईल, असं अनुमान मी काढलं. तुम्ही शिकवलेल्या न्यायानं त्यात हेत्वाभास नव्हता. बायकोला मात्र तो लगेच दिसला. ती म्हणाली, 'मैत्रिणींना बोलवायचं तर जेवायला बोलवावं. हे काय विमानतळ उभारताय?'

विमानतळ लवकर झाला असता. आमच्या चिक्कडपल्लीच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला लागून एक खोली आहे. तिच्यात माझी पुस्तकं, बायकोचं शिलाई मशीन आणि दहा वर्षं 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं सामान होतं. ते सगळं आता आमच्या पलंगाच्या भोवती उभं आहे. आम्ही आडवे होतो तेव्हा गोदामात झोपल्यासारखं वाटतं. मलकपेठेच्या सुताराकडून टेबलं करून घेतली, ती दोन बोटं उंच झाली. सुतार म्हणतो, 'टेबल बराबर है साब, खुर्ची नीची है.' खुर्च्या आल्या त्या लाल-काळ्या, शर्यतीच्या गाडीत असाव्यात तशा. बसलं की माणूस मागे कलतो आणि उठवायला दुसरा माणूस लागतो. दुकानदारानं विचारलं, 'अंकल, एफपीएस कितना होना?' ते काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, 'जितका लागेल तितका.' त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं तुम्ही एकदाच पाहिलं होतं, मी लोट् आणि लोटा यांवर विनोद केला तेव्हा. इलेक्ट्रिशियन आला, मीटरपुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, 'साब, चार कंप्यूटर बी, एसी बी, गीजर बी? ये लोड नक्को साब.' वेगळी लाईन ओढली. तरीही बायकोनं मिक्सर लावला की चारही यंत्रं एकदम मिटतात. आता आमच्याकडे चटणीची वेळ ठरलेली आहे.

या सगळ्यातून मी तरलो, आणि बुडालो तो शब्दात. खोलीसाठी वेगळा राऊटर बसवायला इंटरनेटवाला आला, चांगला हसरा तेलुगू माणूस. त्यानं विचारलं, 'पासवर्ड क्या रखना सार?' लोक कुत्र्याचं नाव ठेवतात, जन्मतारीख ठेवतात. मी म्हटलं, संगती. सम् उपसर्ग, गम् धातू. एकत्र जाणं, एकत्र येणं. हे त्याला समजावून दिलं. तो 'हौ सार, हौ सार' करत होता. 'पुढे एक-दोन-तीन टाक,' म्हटलं, कारण निदान आठ अक्षरं लागतात असं तो म्हणाला. त्यानं टाकलं, आपल्या फोनवर लावून पाहिलं, 'सुपर चलरा सार' म्हणाला आणि गेला. व्युत्पत्ती सांगितली, अर्थ सांगितला. स्पेलिंग तेवढं सांगितलं नाही.

तुमच्या बरकतपुऱ्याच्या दोन खोल्या आठवतात. शनिवारी शाळा सुटली की आम्ही पाच-सहा जण तुमच्या स्वयंपाकघरात बसतोय, कारण बाहेरच्या खोलीत तुमचे सासरे झोपलेले आहेत. तुम्ही ओट्यापाशी, आमच्याकडे पाठ करून. तरी कुणी विसर्ग गिळला तर फोडणीच्या आवाजातूनही तुम्हाला कळतं. चुकेल त्यानं मेथी निवडायची. आमच्या घरी संध्याकाळी पालीत वंदना व्हायची. मी संस्कृत घेतो म्हटलं तेव्हा वडील बराच वेळ पेपर वाचत राहिले आणि मग म्हणाले, 'घ्यायचंच असेल तर त्यांच्यापेक्षा चांगलं बोल.' हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही पहिल्याच शनिवारी मला वंदना म्हणायला लावली आणि तिच्यातल्या एकेका शब्दाशेजारी संस्कृत शब्द ठेवत गेलात. 'बघ, ओळखीचेच आहेत की सगळे,' असं म्हणून पोळी उलटलीत. मी मात्र वडिलांचं वाक्य धरून बसलो. त्यांच्यापेक्षा चांगलं. माझा त आणि थ, श आणि ष कुणी वेगळे काढून दाखवावेत, अशी माझी तेराव्या वर्षापासूनची तयारी आहे.

त्याच स्वयंपाकघरातला एक दिवस मला अजून बोचतो. तुमच्या शेजारची तेलुगू मुलगी आमच्यात येऊन बसायची. तिनं वहीवर इंग्रजीत आपलं नाव लिहिलं होतं, त्यात टीपुढे एच. मी ते मोठ्यानं थ करून वाचलं आणि सगळे हसले. ती हसली नाही. तुम्ही मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवलीत. मी म्हटलं, 'बाई, पण माझा उच्चार बरोबर आहे.' तुम्ही म्हणालात, 'उच्चार बरोबर आहे. तू चुकलायस. निवड.' मी निवडली, पण पटलं नव्हतं. जाताना तुम्ही मला तुमची रूपांची वही दिलीत, द्विवचनाच्या रकान्यांवर हळदीची बोटं उमटलेली. शिक्षेच्या दिवशी बक्षीस का, हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता कुणाला विचारू?

तर यंत्रं आली. चारही मी स्वतः जोडली. मुलगी 'बाबा, नक्को करो ना ये सब' म्हणून दार लावून घेती झाली. पासवर्ड टाकला: एस, ए, एन, जी, ए, टी, आय, एक, दोन, तीन. यंत्र म्हणालं, चूक. पुन्हा टाकला. चूक. चारही यंत्रांवर चूक. अकरा दिवस, बाई! राऊटर बंद करून चालू केला, खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, बायको नसताना तिच्या तांदळाच्या डब्यावरही ठेवून पाहिला. इंटरनेटवाल्याला रोज फोन.

'सार, मेरे फोन में तो आरा सार.'

'इथे नहीं आ रहा.'

'पासवर्ड बराबर डालो सार.'

मला! बराबर डालो! अकराव्या दिवशी दुपारी माझा तोल गेला. मी फोनवर त्याला गम् धातू पुन्हा पहिल्यापासून सांगत होतो, आणि बराच मोठ्यानं सांगत असणार, कारण मुलीचं दार उघडलं. ती बाहेर आली. केस बांधलेले नाहीत, गळ्यात हेडफोन. चार महिन्यांत ती त्या खोलीत पहिल्यांदा उभी राहिली.

'किती ओरडताय बाबा? माझ्या टीममधला विचारतोय, घरात कुणी गेलं का.'

'तो चिलीचा?'

'तो चिलीचाच. द्या इकडे.' तिनं फोन स्पीकरवर टाकून तेलुगूत विचारलं, 'अन्ना, स्पेलिंग चेप्पंडी.'

तिकडून शांतपणे उत्तर आलं. 'एस ए एन जी ए मॅडम, टी एच आय. वन टू थ्री.'

तिनं माझ्याकडे पाहिलं. 'एच घातला होता तुम्ही?'

'एच कशाला? त आहे तो. अल्पप्राण. थ असता तर—'

'बाबा. इथे त म्हणजे टीएच. नुसता टी म्हणजे ट. सगळं शहर असंच लिहितं, दुकानांच्या पाट्या बघितल्या नाहीत का कधी? अन्नाच्या हिशेबानं तुम्ही अकरा दिवस संगटी टाइप करताय.'

'संगटी' ऐकून स्पीकरमधून तो माणूस मनापासून हसला. मग सावरून म्हणाला, 'मैं समझा सार तेलुगू में रखे. एमि संगति, बोलके.' तेलुगूत संगति म्हणजे खबर, वर्तमान. एमि संगति, म्हणजे काय म्हणता, काय विशेष. बावन्न वर्षं या गावात काढून मी दाराला एकत्र येण्याचा धातू लावला होता आणि तो बापडा समजला होता की साहेबांनी ख्यालीखुशाली विचारलीय. मुलगी भिंतीला टेकून हसत होती. हसताना ती आजही नाक दाबते. ते मी दाराआडून कसं ऐकणार? तिनं सहा मिनिटांत चारही यंत्रं इंटरनेटला जोडली. मराठी पेपर तिला अडखळत वाचता येतो, रकार कुठे जोडायचा ते अजून मला विचारते, आणि मला ज्यानं अकरा दिवस नाचवलं तो एच तिनं असा उचलून ठेवला. जाताना म्हणाली, 'रविवारी बोलवू का कुणाला?' मी अतिशय सहज 'बघ' म्हटलं आणि बाल्कनीत जाऊन कुंडीला दोनदा पाणी घातलं.

रविवारी अकराला दोन मैत्रिणी आल्या. तिसरीनं 'निघालेय' असा निरोप पाठवला आणि ती निघालीच नाही. मुलीनं केस बांधले होते, हे बायकोनं मला डोळ्यांनी दाखवलं. मी चहा आणि उस्मानिया बिस्किटं घेऊन गेलो, तर तिघी एका रांगेत बसून कानांवर हेडफोन! हाताच्या अंतरावर बसल्यात आणि एकमेकींशी बोलतात त्या माईकमधून. याच्यासाठी मी पुस्तकं पलंगाखाली घातली? 'अंकल, दो मिनट,' एक म्हणाली. चहावर साय आली. दोन मिनिटं चाळीस मिनिटं चालली. बायको आतून म्हणाली, 'मिक्सर लावू का?' मी तिला हात जोडले.

मी खरकटे कप उचलत होतो तेव्हा मुलीनं हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली. तोंड पडद्याकडेच होतं. म्हणाली, 'बाबा, एक जण कमी पडतोय. तुम्ही बसता?' चौथी खुर्ची रिकामी होती. दोघी मैत्रिणी वळून बघत होत्या. मी म्हणालो, 'मला काम आहे.' ती 'ओके' म्हणाली आणि हेडफोन परत कानावर गेला. स्वयंपाकघरात बायकोनं विचारलं, 'कसलं काम?' मी तिच्यावर उगाच खेकसलो.

तेव्हापासून दोन रविवार झाले. मैत्रिणी येतात, ती बाहेर येते, बसते, मधल्या दिवसांत परत दार लावून घेते. मला तिनं पुन्हा विचारलेलं नाही. चौथ्या जागी त्या चिलीच्या माणसाला घेतात, तिकडे त्याची काय वेळ असते कोण जाणे. मी चहा नेतो आणि दारात जरा जास्त वेळ उभा राहतो, पण स्वतःहून 'बसू का' म्हणायला तोंड उघडत नाही. तेरा वर्षांच्या पोराला मेथी निवडायला बसवणं सोपं आहे, बाई. बावन्न वर्षांच्या माणसाला कुणी बसवायचं?

हे पत्र जाणार कुठेच नाही, तर एवढं सांगून टाकतो. काम काही नव्हतं. ती आंघोळीला गेली की मी चौथ्या यंत्रापुढे बसतो. पासवर्ड एच घालून टाकतो. गोळी झाडणं लांबच, मला अजून खेळातल्या माझ्या माणसाला दारातून बाहेर काढता येत नाही. तो चौकटीला अडकून जागच्या जागी चालत राहतो, आणि न्हाणीतला नळ बंद झाला की मी त्याला तसाच सोडून उठतो.