शाळेच्या फाटकाजवळचा व्हॉल्व्ह

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
एक तारखेपासून गावाचं पाणी कंपनीकडून पुन्हा नगरपालिकेकडे आलंय. आता मीही बाबांसारखा पालिकेचा चावीवाला, व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा! कंपनीने दिलेले नकाशे निम्मे कोरे आहेत. व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय फुटलेली लाइन सांधता येत नाही, आणि जमिनीखालच्या चाळीसही व्हॉल्व्हच्या जागा फक्त बाबांच्या वहीत आहेत. ती पाठव. महिनाभर गळती राहिली तर लोकच म्हणतील, कंपनी बरी होती.
लोभ वहीपुरता तरी वाढव.
तुझा धाकटा

८ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
वही तुला हवी आहे की तुझ्या साहेबाला? कंपनी सार्वजनिक नळ तोडणार म्हणून बाबांनी ती पिठाच्या डब्यात लपवली, आणि तू दुसऱ्या दिवशी कंपनीचा सदरा चढवलास. पोटासाठी, म्हणालास. बाबा शेवटपर्यंत तुझ्याशी नीट बोलले नाहीत, ते मला अजून सलतं. आता पाटी बदलली, माणसं तीच ना? दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकून पिणार. नक्कल पाठवते आहे, वही माझ्याकडेच राहील.
रागावलास तरी पत्र टाकत जा.
ताई

१९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
शाळेचा व्हॉल्व्ह तू फाटकाच्या डावीकडे बारा पावलं लिहिलास. तो उजवीकडे आहे. त्याच्या झाकणावर बसवून बाबा मला डब्यातला घास भरवायचे. मी नक्कल बाजूला ठेवून उजवीकडचं डांबर फोडलं, तिथेच मिळाला. सहा वर्षं रोज त्याच्यावरून गेलो, पण कंपनीला दाखवला नाही. म्हणून तर शाळेचा सार्वजनिक नळ त्यांना बंद करता आला नाही, अजून वाहतोय. मला ठाऊक असलेला हा एकच. उरलेल्या एकोणचाळीसांत खोटे किती? आता पहार उचलायला हात धजत नाही. फार वाईट वाटलं, ताई.
खरं ते कळव.
धाकटा

२४ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
खोटा तेवढा एकच. साहेबाचा माणूस डावीकडे खणेल, बाबांचा उजवीकडे, असं मनाशी धरून लिहिला होता. चुकलं माझं. शेवटच्या आठवड्यात बाबा दोनदा म्हणाले, शाळेचा नळ अजून चालू कसा? मी म्हटलं, विसरले असतील कंपनीवाले. तू एका ओळीने कळवायचं होतंस रे. शुक्रवारी वही घेऊन मीच येते. पावलं बाबांची आहेत, तुझी ढांग लांब पडते, तेव्हा मी मोजेन आणि तू खण. सुरुवात मात्र शाळेपासून. डबा आणते आहे, त्या झाकणावर बसून जेव.
ताई