चुरू नको, घोळ

माय, आज मेथीचा घोळाणा केला. तू गेल्यापासून वीस वर्षांत पहिल्यांदा. लेकीसाठी केला. तू तिला पाहिलंच नाहीस. आता कॉलेजात आहे, बुलढाण्याला होस्टेलवर राहते. वर्षभरापासून तिनं दूध, दही, तूप सगळं सोडलंय, गाई-म्हशींचे हाल पाहवत नाहीत म्हणते. माझं काही म्हणणं नव्हतं. आपल्या घरी तरी कुठं दुधाचे पाट वाहत होते! पण या सुट्टीत आली ती नुसती हाडं घेऊन. आधी भाकर सुटली, मग वरण, आणि गेले तीन दिवस पाण्याशिवाय पोटात काही नाही. उठली की भिंत धरते. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी आहे, या गोळ्या गेल्याच पाहिजेत, दोन दिवसांत फरक नाही पडला तर भरती करा. तिनं पाकीट वाचलं. "आई, यात दुधाची साखर आहे. मले नाही पाह्यजे." मी रडले, तिच्या पाया पडले, एक थोबाडीतही मारली. पोटच्या पोरीला, माय! मला आता काही म्हणता काही सुचत नाही. आणि आज सकाळी ती आपणहून म्हणाली, "तू सांगतेस ना, आजी तो कच्च्या मेथीचा करे, तो करून दे. त्यात तर काही नसते?"

तुझा घोळाणा म्हणजे पाच मिनिटांचं काम. शेतातल्या निंदणावरून येतेस, पदर खोचतेस, कोवळी मेथी खुडतेस, पातीचा कांदा चिरतेस. वाटीत कच्चं तेल, तिखट, मीठ, दाण्याचा कूट. वर लिंबू पिळून बोटानं कालवतेस आणि पानांवर ओततेस. मी दाबायला लागले की ओरडतेस, "चुरू नको वं, कडू होते! घोळ नुसता." त्याच घोळाण्यात, मी दहावीत असताना, तू माझी गोळी कुटून घातलीस. मीही तेव्हा औषध थुंकायचे. दाढेखाली खडा आला आणि मी ताटली भिरकावली. "मले जहर देऊन राह्यली का?" तू खाली बसून एकेक पान वेचलंस. "जेव माय. नाही टाकत मी आता काही," एवढंच म्हणालीस. त्यानंतर तुझ्या हातचा घोळाणा मी कधीच खाल्ला नाही. तू विचारायचीस, मी तोंड फिरवायचे.

आज लेक ओट्याला टेकून उभी होती. "माझ्यासमोर कर," म्हणाली. तिच्यासमोर मेथी धुतली, तेल-तिखट-मीठ कालवलं, लिंबू पिळलं. डब्यातून दोन चमचे कूट घातला आणि घोळलं, चुरलं नाही. तिनं एक घास घेतला, मग दुसरा. ताटली पुसून खाल्ली गं!

"जरा कडू आहे."

"मेथीच ती. कडू राहीनच."

ती हसली, किती दिवसांनी. "आजीसारखा झाला का?"

"हाव," म्हटलं. "अगदी आजीसारखा."

उद्याही कर म्हणाली. हे तिला सांगता येत नाही, आणि तुझ्याशिवाय सांगू कोणाला? हा कागद पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवते. ती आंघोळीला गेली तेवढ्यात कूट करून ठेवला होता मी. तुझी गोळी जाडीभरडी राहिली, म्हणून तू सापडलीस. मी वस्त्रगाळ केली, माय.