तापीकाठचं स्थळ आणि पुराची रेघ

नवागाम, सुरत
रविवार, १५ नोव्हेंबर १९९८

आदरणीय साडूभाऊ बाबुराव यांना गंगारामचा मनापासून जयभीम.

हे पत्र हातात पडेल तेव्हा तुम्ही उभयता कोरड्या जागी बसलेले असाल अशी आशा करतो. कलाबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? तापीचं पाणी? (हा शेवटचा प्रश्नही तब्येतीच्या प्रश्नांतच धरावा.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काहीही नाही.

सप्टेंबरात तुम्ही भुसावळहून कार्ड टाकलं होतं की तापीला पाणी वाढतंय, सांभाळून राहा. ते कार्ड मिळालं. आम्ही घरातला गाळ घमेल्यानं बाहेर काढत होतो, तेव्हा पोस्टमन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आला आणि देऊन गेला. तुमचा दोष नाही. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा शिरला आहे. पाणी आलं त्या सकाळी आमच्या गल्लीत दोरीवरचे कपडे खडखडीत वाळलेले होते. वर आभाळ स्वच्छ. मग घरात दोन वीत पाणी शिरलं ते कोणाचं? विचार करता ते तुमचं निघालं. म्हणजे तुमच्या बाजूला, सातपुड्यात पडलेलं, भुसावळच्या पुलाखालून गेलेलं आणि उकाईच्या धरणात थोडी विश्रांती घेऊन आमच्याकडे आलेलं. पाहुणा तुमचा आणि मुक्कामाला आमच्याकडे, असं झालं.

माझी शाळा चौथीपर्यंतची हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं सगळं मागावर शिकलो, आणि मागावर नद्या शिकवत नाहीत. म्हणून नात निशा हिचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक कपाटावरून काढलं आणि महिनाभर तिच्याकडून वाचून घेतलं. बाबुराव, काय एकेक नद्या आहेत! हिमालयातल्या नद्यांना बर्फाचा आधार, त्यामुळे त्या भर उन्हाळ्यातही वाहतात. आपल्याकडच्या सगळ्या पावसावर पोट भरणाऱ्या. ती बिहारमधली कोसी तर वाट बदलते म्हणे, आज या गावाशेजारून तर काही वर्षांनी दुसऱ्याच. गोदावरी नाशिककडे जन्मते, समुद्र तिथून हाकेवर, तरी त्याच्याकडे पाठ फिरवून सगळा देश ओलांडून पूर्वेला जाते. का? कृष्णा तेच करते, कावेरी तेच करते. मोठ्यांपैकी नर्मदा आणि तापी दोघीच हट्टानं पश्चिमेला येतात, आणि त्यांतल्या एकीच्या तोंडाशी मी येऊन राहिलो आहे. (मुलाला, प्रमोदला म्हणालो, सुरतेला येण्याआधी हे वाचायला हवं होतं. तो म्हणाला, तेव्हा तुम्ही माग पाहिला होता, नकाशा नाही.)

आता मूळ मुद्द्यावर येतो. निशासाठी तुम्ही सुचवलेलं स्थळ, तुमच्या रेल्वेतल्या दिवंगत मित्राचा मुलगा धम्मरत्न, पाहायला आम्ही गेल्या रविवारी गेलो. मी, प्रमोद आणि सूनबाई आनंदी. मुलगा रंगाईच्या मिलमध्ये आहे, सायन्सची बारावी झालेला आहे, स्वभावानं शांत आहे. हे सगळं तुम्ही लिहिलं होतं. घर तापीच्या पलीकडच्या काठाला आहे, हे लिहिलं नव्हतं. काठाला म्हणजे किती? दारात उभा राहून खडा मारला असता तर पाण्यात पडला असता.

आपल्यात पत्रिका जुळवत नाहीत हे फार उत्तम आहे. त्या गोष्टीला माझा पाठिंबा आहे. पण मग मुलीच्या आजोबानं जुळवावं तरी काय? मी ठरवलं, पाणी जुळवू. निशाचा शिवणाचा टेप खिशात घेऊन गेलो होतो. मुलाची आई मालतीबाई पोह्यांच्या बशा घेऊन आली तेव्हा मी भिंतीपाशी उकिडवा बसून पुराची रेघ शोधत होतो. त्यांनी दिवाळीला चुना मारलेला. कोणीही मारतो, पण मला संशय आला की मुद्दाम मारला. मी विचारलं, पाणी कुठवर आलं होतं? बाईनं हात कमरेला लावून दाखवला. मी उंबऱ्यापासून टेप लावला आणि आकडा मोठ्यानं वाचला. त्यावर त्या म्हणाल्या, "काका, आम्हाला सून आणायची आहे, मगर नाही." प्रमोद हसला. व्याह्यांच्या घरी पहिल्याच दिवशी त्यानं हसायला नको होतं.

मग मी विचारलं, पाणी आलं तेव्हा तुम्ही काय केलं? त्यांनी सांगितलं, आधी बाबासाहेबांची तसबीर माळ्यावर नेली, मग पिठाचा डबा, मग सासूबाई. (सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "डबा माझ्याआधी." हे त्या रोज सांगत असाव्यात.) मला तो माळा पाहावासा वाटला. उद्या निशाला बसावं लागलं तर पेलेल का, हे कोण पाहणार? शिडी लावलेलीच होती. मी चढलो. चढताना काही वाटलं नाही. वर बसून खाली पाहिलं आणि गुडघ्यांनी उतरायला साफ नकार दिला.

बाबुराव, पुढचा सव्वा तास मी भावी सोयऱ्यांच्या माळ्यावर होतो. चहा वर आला. पोहे वर आले. नुसतं बसून काय करायचं, म्हणून मी वरूनच मुलाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. तो पगार विचारतील म्हणून सावरून बसला होता. मी विचारलं, धरण असताना पूर येतोच कसा? आणि त्या पोरानं काय सांगितलं! म्हणाला, धरणवाल्यांचीही पंचाईत असते. पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलेलं हवं, नाहीतर पुढे वीज कुठून येणार आणि बारडोलीचा ऊस काय पिणार? भरून ठेवलं आणि उशिरा मोठा पाऊस आला, तर सोडण्यावाचून इलाज नाही. रिकामं ठेवलं आणि पाऊस आलाच नाही, तर लोक वर्षभर शिव्या देणार. त्यात समुद्राला भरती असली तर नदीचं पाणी तोंडापाशी अडतं आणि गावात पसरतं. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सगळ्यांत मोठी. मी वरूनच ओरडलो, "मग पौर्णिमेला लग्न नको!" आनंदी खालून म्हणाली, "आबा, लग्न वैशाखात आहे. वैशाखात पूर कुठला?" बरोबर आहे, पण मला आधी सुचलं ते मी बोललो.

एवढ्यात शेजारणी दारात जमल्या. एकीनं दुसरीला गुजरातीत सांगितलं, "वेवाई माळिये चडी गया छे!" व्याही माळ्यावर चढून बसलेत, ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत माझ्यासमोर गेली. (पाण्यापेक्षा वेगानं.) शेवटी धम्मरत्न शिडीवर उभा राहिला, मला पाठुंगळी घेतलं आणि खाली आणलं. उतरताना मी त्याला ब्रह्मपुत्रा कुठून येते ते विचारलं. दम लागलेला असूनही त्यानं तिबेट म्हणून सांगितलं. मुलगा मला पसंत आहे.

पण आता तिकडून आठ दिवस झाले, निरोप नाही. गल्लीत बोललं जातंय की मुलीकडच्यांनी घर बुडतं म्हणून नाक मुरडलं. निशा माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण भूगोल वाचत नाही. गंगा अलाहाबादच्या पुढे गेलेलीच नाही. माझ्यामुळे पोरीचं जमत आलेलं मोडलं तर मी कुठे तोंड दाखवू?

तुमचा साडू,
गंगाराम

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. येत्या रविवारी तुम्ही या. तुम्ही मुलाच्या वडिलांचे मित्र, तुमचा शब्द मालतीबाई मोडणार नाहीत. मी मागे उभा राहीन आणि तुम्ही सांगाल तेव्हा हात जोडीन. एकट्यानं जायची हिंमत नाही.

ता. क. दुसरा. निशाला हे पाकीट चिकटवून पेटीत टाकायला दिलं होतं. तिनं पायरीवर बसून आधी वाचलं आणि आत येऊन समोर बसली. पुराच्या वेळी ती कामावर, नदीपलीकडे अडकली होती, दोन दिवस पत्ता नव्हता. ते दोन दिवस मी कसे काढले ते तुम्हाला कधी लिहिलं नाही, आताही लिहिता येत नाही. परत आली तेव्हा म्हणाली, कारखान्यातल्या एका बाईंकडे होते. मी म्हटलं, बरं. आज कळलं की त्या बाई म्हणजे मालतीबाई. दोघी एकाच टेबलावर साड्यांना लेस लावतात. पाणी चढलं तसं त्यांनी हिला हाताला धरून घरी नेलं आणि त्याच माळ्यावर आपल्या सासूशेजारी निजवलं. स्थळ मोठ्यांकडून यावं, पोरीच्या नावाला कोणी बोट लावू नये, म्हणून त्यांनी तुम्हाला मध्ये घातलं. म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं. प्रमोदला ठाऊक होतं, आनंदीला ठाऊक होतं. घरात एकट्या मला नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. महिनाभर देशातल्या नद्यांची नावं पाठ केली, आणि माझी नात जिनं सांभाळली तिचं नाव विचारलं नाही. त्या बाईच्या भिंतीला मी टेप लावला, आणि तिनं एका शब्दानं सुनावलं नाही की काका, तुमची पोर इथंच राहिली होती.

ता. क. तिसरा. तेव्हा रविवारी येऊ नका. अशी माफी मागायला मध्यस्थ न्यायचा नसतो. मी आत्ता निघतो आहे, निशा पुलापर्यंत सोबत येते. पाकीट वाटेत टाकीन. त्यांनी दार उघडलं तर तुम्ही दोघं साखरपुड्याला या. नाही उघडलं तर मी भुसावळला येतो. एक खाट रिकामी ठेवा, आणि काही दिवस मला कोणी काही विचारू नये.