आखूड मापाचं मांजर

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा कमरेतून वाकून नमस्कार (साष्टांगच घालणार होतो, पण त्यातून उठवायला सध्या घरात कोणी नाही). तुमचा गुडघा, ताईंचा खोकला आणि तुमच्या मागच्या दारातला गळका नळ, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. मी बरा आहे. तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. हे पत्र घरी न पाठवता तुमच्या औषधांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरी आलेलं पाकीट ताई चहाच्या वाफेवर धरून उघडतात असा माझा जुना संशय आहे (पुरावा नाही, पण तुमच्याकडून आलेल्या दोन निमंत्रणांना डिंकाचा ताजा वास येत होता). तरी हे गल्ल्यामागे बसून एकट्याने वाचावं आणि वाचताना ओठ हलवू नयेत.

तुमची मेहुणी, म्हणजे आमचं कुटुंब, ‘चार दिवस ताईकडे राहून येते’ म्हणून निघाली, त्याला परवा सहा आठवडे झाले. फोन केला की ताई उचलतात आणि ती आंघोळीला गेलीय म्हणतात. दिवसातून तीनदा आंघोळ करणारी बाई एकोणतीस वर्षांत माझ्या तरी पाहण्यात आली नव्हती. ती परत येणार आहे की नाही, एवढं एकच मला हवंय आणि तेवढंच मला कोणी सांगत नाही. भांडण मांजरावरून झालं हे तिने तुम्हाला सांगितलं असेलच. एक बाजू ऐकलीत तर दुसरीही ऐका. तसं न करणाऱ्याला आमच्या खात्यात एका पारड्याचा तराजू म्हणत.

माझी सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली हे तुम्हाला ठाऊक आहे. काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक म्हणा, दुहेरी तळाचं लिटरचं माप म्हणा किंवा कापड मोजताना बोटभर मागे सरकणारी पट्टी म्हणा, मापात पाप कुठे आहे हे मला दुकानाची पायरी चढतानाच कळायचं. माणूस निवृत्त होतो, नाक होत नाही. तर दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेली असताना हिने एका मासिकात मंचकिन नावाच्या मांजराचा फोटो पाहिला. तोंड मांजराचं, शेपूट मांजराची, अंग मांजराचं, आणि पाय मात्र जेमतेम जमिनीला पुरतील एवढेच. घरी येऊन म्हणाली, मला हे हवं. एकोणतीस वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही तिसरी वस्तू (पहिल्या दोन मी नीट तपासून नाकारल्या होत्या). मी म्हटलं, फोटो वरून काढलाय, कुठेतरी पाणी मुरतंय. ती म्हणाली, मग चला, खालून बघू.

अशी मांजरं पाळून विकणाऱ्या बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. बैठकीच्या खोलीत सगळ्या खुर्च्यांवर मांजरं आणि माणसं सतरंजीवर, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं. आमच्याखेरीज आणखी एक जोडपं गिऱ्हाईक म्हणून आलेलं होतं. बाईंनी चहा दिला आणि पिल्लांची आई दाखवली. ती सोफ्याला वळसा घालून इतक्या वेगाने गेली की पाय आहेत की चाकं, हे कळेना. मी खिशातला टेप काढला. पुढचा पाय साडेसात सेंटिमीटर. आमच्या जिन्याखालच्या बेवारशी बोक्याचा मी आदल्या दिवशी मोजून ठेवला होता, तो सोळा (त्याचे ओरखडे अजून आहेत, नोंदीखातर सांगतो). म्हणजे निम्म्याहून जास्त तूट, आणि भाव मात्र अख्ख्या मांजराच्या कित्येक पट! ज्या गुन्ह्यासाठी मी जन्मभर दुकानांना टाळं ठोकलं, तो गुन्हा इथे उघड्यावर चालू होता आणि वर चहाही मिळत होता.

तरी मी गप्प बसलो होतो. पण मग पिल्लं आली, पाच. तिघांचे पाय आखूड आणि दोघांचे चांगले लांब, चारचौघा मांजरांसारखे. आई एक, वेत एक, टोपली एक आणि माल दोन प्रतीचा! मी उठून उभा राहिलो आणि भरल्या खोलीत ओरडलो, “भेसळ!” ते दुसरं जोडपं चहा तसाच ठेवून निघून गेलं. हिच्या मांडीवर एक करडं पिल्लू होतं. ते हिने अलगद खाली ठेवलं, पर्स उचलली आणि जिन्यात मला म्हणाली, “एकोणतीस वर्षं मी आणलेली भाजी तुम्ही घरी पुन्हा तोलता. तो संशय भाजीवाल्यावर नसतो, माझ्यावर असतो.” त्याच संध्याकाळी तिने बॅग भरली. साडूभाऊ, तुमची शपथ, मला वाटायचं संशय भाजीवाल्यावरच आहे. आता नक्की सांगता येत नाही.

ती गेल्यावर बाईंची लबाडी पुराव्यानिशी सिद्ध करायची, म्हणजे ही आपोआप परत येईल, असं मी ठरवलं. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ही भेसळ नाही, आईचे पाय आखूड आणि बापाचे लांब असले की एकाच वेतात दोन्ही तऱ्हेची पिल्लं होतात. पाय कोणी कापत नाही, ठोकत नाही, ते जन्मतःच तसे असतात. एवढंच नाही, तर अशा मांजरांच्या पाठीच्या कण्याला आणि सांध्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून ही पैदास करूच नये असं मानणारेही पुष्कळ आहेत, घ्यायचंच तर चाल नीट बघा, लठ्ठ होऊ देऊ नका, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. इतकं खरं बोलणारा माणूस पाहून माझा संशय बळावला. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शब्दाला शब्द तेच सांगितलं, त्यामुळे दोघांचं संगनमत असणार अशी खात्री पटली. तिसरा डॉक्टर आमच्या गावात नाही.

मग मी बाईंकडे अचानक तपासण्या सुरू केल्या. मंगळवारी सकाळी, शुक्रवारी दुपारी, कधी लागोपाठ दोन दिवस. बाई दार उघडायच्या. करडं पिल्लू धावत दारापर्यंत यायचं (धावण्याचं माप मी घेतलं आहे, चालीत दोष नाही). मी स्वयंपाकघरातला काटा नेला, तर ते त्याच्या परातीत चढून झोपलं आणि तासभर उठलं नाही. मी त्याचं नाव पासंग ठेवलं. वर चढलेलं पारडं सारखं करायला जे चिमुकलं वजन टाकतात, ते. नाव ठेवलं म्हणजे घेतलं असं नव्हे, तपासणीत मालाला खूण लागते म्हणून ठेवलं. काटा परत आणला तो माळ्यावर टाकला. भाजी आता येते तशी शिजते.

शेवटी मी बाईंना म्हणालो, पाहणी पूर्ण झाली, द्या. तर बाई म्हणाल्या, “तुमची झाली हो, माझी कुठे झालीय?” आणि बुधवारी स्वतःचा टेप घेऊन आमच्या दारात हजर! गॅलरीच्या गजांमधली फट मोजली, कपाटांची उंची मोजली, फ्रिजच्या मागे वाकून पाहिलं, टेबलाखाली बोट फिरवून धूळ मला दाखवली. चौतीस वर्षं मी लोकांच्या दुकानांत हेच केलं, पण समोरचा माणूस तेव्हा घामाघूम का होतो हे मला बुधवारी कळलं. ओट्यावर पालथी घातलेली एकच कपबशी पाहून त्यांनी विचारलं, तुमच्या घरच्या बाई कुठे गेल्यात? म्हटलं, बहिणीकडे. कधी येणार? साडूभाऊ, ज्याच्या उत्तराची कुठे नोंदच नाही असा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला. मी बराच वेळ टेप गुंडाळत राहिलो. तो त्यांचा होता.

थोडक्यात, बाईंचा एक छापील अर्ज आहे. त्यातल्या बाराव्या रकान्यात घरातल्या दुसऱ्या माणसाची सही लागते. सही नाही तर मांजर नाही. बाईंचा आपल्यावर विश्वास नाही, दुसरं काय! मी चुकलो असं मी इथे लिहीत नाही (लेखी कबुलीचे परिणाम मी इतरांना भोगताना पाहिले आहेत). पण तोंडी विचारलं तर नाकारणार नाही.

ताईंना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. अर्ज सोबत जोडला आहे. बाराव्या रकान्यात पेन्सिलीने फुली केली आहे. मात्र सही करून टपालाने पाठवू नये. माझ्या समक्ष झालेली सहीच मी आजवर ग्राह्य धरत आलो, त्यामुळे तिला स्वतः यावं लागेल. सकाळची गाडी दुपारी एकला पोहोचते. मी थांब्यावर असेन.

ता. क. दोन. तुमच्यापासून लपवत नाही. मूळ अर्जात अकराच रकाने आहेत. बारावा मी पट्टीने आखला, शाई जुळेना म्हणून तीन पेनं बदलली. जन्मभर बनावट शिक्के पकडले, पण एवढं सफाईदार काम कधी हाती लागलं नव्हतं. मांजर बाईंनी गुरुवारीच दिलं. ‘मांजर कशासाठी हवं’ या रकान्यात मी खरं कारण लिहिलं होतं, म्हणून दिलं असावं. ते रोज संध्याकाळी दारापाशी जाऊन बसतं. मीही तिथेच असतो.

ता. क. तीन. दोन नंबरचा ताजा कलम तिला कळू देऊ नका. अगदीच राहवलं नाही, तर गाडी हलल्यावर खिडकीतून सांगा.