डेअरीशेजारची खोली

बाई, आज दुपारी जेवण झाल्यावर ओसरीत आडवी झाले, तर डोळा लागला आणि तुम्ही आलात. भूम गावाच्या पलीकडच्या माळावर पायवाटेनं पुढं चालत होता आणि मी मागं. ऊन होतं, पण पोळत नव्हतं. धुळीचा वास मात्र खरा होता. जागी झाले तरी बराच वेळ मला माझं वय आठवेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे. म्हणून लिहायला बसले. तुम्ही समोर असता, तर एवढं बोलण्याचा धीर झाला नसता.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात त्या मोठ्या दुष्काळात, रस्त्याच्या कामावर. आम्ही बायका खडी फोडायचो आणि आमची पोरं बाभळीच्या विरळ सावलीत पडलेली असायची. एका संस्थेची नर्स म्हणून तुम्ही सोलापूरहून येऊन पोरांच्या डोळ्यांत औषध घालायचा. शेजारणीला मी बाटलीवरचं वाचून दाखवत होते, ते तुम्ही ऐकलंत. "किती शिकलीस?" "सातवी." "माझ्याबरोबर काम करशील?" मला वाटलं, थट्टा करताय. मी सांगितलं, बाई, आमचं घर बौद्धवाड्यातलं. गावातल्या निम्म्या घरांत मला ओट्याच्या वर घेत न्हायीत. तुम्ही म्हणालात, "ओट्यापर्यंत तर जाऊ. पुढचं पुढं बघू." तेव्हा मला दोन लेकरं होती आणि हाताला घट्टे पडले होते.

नंतर ती नसबंदीची वर्षं आली. गावात जीप शिरली की बाप्ये जवारीत जाऊन लपायचे. ते दिवस सरले तरी भ्या काही सरलं नाही. पाळणा लांबवायचं नुसतं नाव काढलं की बायका उठून चालू लागायच्या. तुम्ही जीप कधी घेतली नाही. एसटीनं यायचं, पुढं पायी. आणि गावात सहकारी दूध डेअरी निघाली, तेव्हा तुम्ही तिच्या शेजारचीच खोली भाड्यानं मागितलीत. मला कारण कळलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ बायका किटली घेऊन दूध घालायला यायच्या, परतताना खोलीत डोकवायच्या. कुठं गेली होतीस म्हणून घरी कुणी विचारत नसे. अजून डोळे मिटले की ती खोली दिसते. दाराशी सांडलेल्या दुधाचा आंबूस वास, खिडकीतून तिरपं येणारं ऊन, आणि तुम्ही एका पोरसवद्या बाईला गोळ्यांचं पाकीट दाखवताय. ती हसतेय, तोंडाला पदर लावून.

तुम्ही मला एकदाच बोललात. मी एकीला निरोध कसा वापरायचा ते सांगत होते, अगदी कानाशी लागून. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "कुजबुजतेस कशाला? तिचं गुपित ठेवायचं, ते वेगळं. पण तुलाच लाज वाटली तर तिला वाटेल आपण काही वाईट करतोय." मला फार लागलं ते. संध्याकाळी घरी जाताना ओढ्याच्या कोरड्या पात्रात उभं राहून मी ते सगळे शब्द मोठ्यानं म्हणून बघितले. ऐकायला फक्त शेळ्या होत्या.

मग ती दुपार आली. एका शेतकऱ्याच्या घरची सून आपल्याकडून गोळ्या न्यायची. मागच्या बाळंतपणात तिच्या अंगावरून इतकं रक्त गेलं होतं की बैलगाडीतून दवाखान्यात पोचेपर्यंत ती पांढरी पडली होती. तिच्या सासूला धान्याच्या कणगीत ते पाकीट सापडलं. सासू तशीच आली आणि पाकीट तिनं टेबलावर टाकलं.

"ह्या गोळ्या कुणी दिल्या माझ्या सुनंला?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

"मी दिल्या," मी म्हणाले.

"माझा वंश बुडवायला निघालीस व्हय?"

"न्हाय, काकी. गाडीत तिचं डोकं तुमीच मांडीवर घेतलं हुतं. लगेच पुन्हा दिवस गेले तर ती जगायची न्हाय. अंगात रक्त भरू द्या. तिला पुन्हा मूल हवं वाटलं की गोळ्या बंद करता येत्यात."

माझा आवाज बाहेर डेअरीपर्यंत जात होता, हे मला बोलून झाल्यावर कळलं. सासू म्हणाली, "तू कोण मला सांगणार?" त्यात काय काय भरलं होतं ते आपल्या तिघींनाही ठाऊक होतं. तुम्ही तेवढंच म्हणालात, "या खोलीत तीच सांगते. बसा."

ती बसली. तिनं चाळिशीही गाठली नव्हती, बाई. आपण सासू म्हणतो म्हणून म्हातारी वाटते. पदराचा काठ तिनं बोटाला गुंडाळला, सोडला. मग तुमच्याकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्या गोळ्या थोरल्या बाईला चालत्यात का?"

"किती वयाच्या?"

"माझ्याएवढ्या." थोडं थांबून म्हणाली, "पाळी लांबली की माझा जीव गोळा हुतो. सून बी बाळंतीण आन सासू बी बाळंतीण, लोक काय म्हनतील? मालकाला कसं सांगू?"

तुम्ही हसला नाहीत. आधी तपासून घेऊ, मग दिवस राहू नयेत म्हणून आत बसवायची तांबी तिला चालेल का ते भूमच्या डॉक्टरीणबाई सांगतील, असं शांतपणे म्हणालात. जाताना तिनं टेबलावरचं पाकीट उचललं, चोळीत खोचलं. "तिचं तिला देते," म्हणाली. भूमच्या दवाखान्यात आपण तिघी एसटीनं गेलो. आत जाताना तिनं माझं मनगट धरलं ते बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. तिच्या घरातला चहाचा कप मला कधीच मिळाला नाही, तेही खरं. पण तिच्या वाड्यावस्तीवरच्या कितीतरी बायका नंतर तिनंच धाडल्या. सुनेला काही वर्षांनी मुलगी झाली. तिला हवी होती तेव्हा. दोघी ठणठणीत राहिल्या.

तुम्ही सोलापूरला परत गेलात आणि आजारी पडलात. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या दिवशीही मी खोली उघडली, बायका येणार होत्या म्हणून.

आता हे पत्र कुठं टाकू? राहू दे इथंच, उशाखाली. एक मात्र सांगते, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला तिसरं मूल हवं होतं. तुमच्याबरोबर फिरायचं तर ते व्हायचं नव्हतं, म्हणून मीही गोळ्या घेतल्या. नवऱ्याला सांगून, माझ्या मनानं. पस्तावा कधी झाला नाही. पण एखाद्या दुपारी ती न झालेली पोर येऊन माझ्याजवळ बसते. मी तिचं नावही ठेवलं होतं, बाई. ते अजून कुणाला सांगितलं नाही.