फुली नसलेली गाय

प्रिय मारेन,

तुझं पत्र मिळालं. मिनीॲपोलिसला अजून बर्फ आहे म्हणतेस. इथे विस्कॉन्सिनात कुंपणाच्या कडेला तेवढा उरलाय.

गोठा उन्हाळ्यापासून रिकामा आहे. देशात दूध फार झालं, भाव पडले, सरकारच्या गोदामांत लोणी मावेना. म्हणून आमच्यासारख्यांना पैसे देऊन सगळ्या गाई कत्तलीला पाठवायला लावल्या. पाच वर्षं इथे दूध काढायचं नाही, असा करार. भाव आता सावरलेत. शेजारच्या हॅल्वरचं बरं चाललंय. दुकानात तो तुझ्या बाबांना म्हणाला, ‘‘तुला दूध न काढायचे पैसे मिळतात, मग मला गप्प बसायचे का मिळत नाहीत?’’ सगळे हसले, बाबाही. येताना मात्र त्यांनी गाडी हॅल्वरच्या घरावरून न आणता लांबच्या रस्त्याने आणली.

ते अजून साडेचारला उठतात. गोठ्यात जाऊन रेडिओ लावतात, थोडा वेळ उभे राहतात. पूर्वी गाईंमुळे एक दिवस कुठे जाता यायचं नाही. आता मी ओढल्याशिवाय ते फाटकाबाहेर पडत नाहीत.

एक तुला कधी सांगितलं नाही. गाई परत दुधासाठी विकल्या जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीच्या गालावर तापल्या लोखंडाने फुली उमटवायची होती. डोकी बाबांनी धरली. तू वासरापासून वाढवून जत्रेत मिरवलेली पर्ल त्यांत नव्हती. तिला आधीच विकलं, असं ते म्हणाले. मी मानलं.

गेल्या आठवड्यात गोठ्यातल्या मांजरी दिसेनात. ट्रॅक्टरच्या शेडपाशी सापडल्या, ओळीने बसलेल्या, मिशा पांढऱ्या. चोरांच्या भीतीने बाबा त्या शेडला कुलूप घालतात. त्या दिवशी ते उघडं होतं. आत पर्ल होती, पायाशी ओलं वासरू. बाबा दूध काढत होते. मागे न वळता म्हणाले, ‘‘अर्डिस, एकीचं तरी डोकं मला धरायचं नव्हतं.’’

तपासनीस याच महिन्यात येणार. एक गाय सापडली तरी सगळे पैसे परत करावे लागतील, म्हणजे शेत जाईल. दुसऱ्याच्या गोठ्यात देणंही करारात बसत नाही.

गुरुवारी कत्तलखान्याचा ट्रक बोलावलाय. माझं ते ऐकणार नाहीत. पर्ल तुझी आहे, म्हणून मी त्यांना सांगितलं, मारेनचा फोन आला होता, तिनेच पाठवून द्या म्हटलं. ते तसेच शेडकडे गेले. पत्र पोचेल त्या सुमारास तुला फोन करतील, खरं का म्हणून विचारतील. हो म्हण. एवढंच म्हण.

तुझीच,
आई